शुक्रवारी पोरी का झोपत नाहीत

आमच्या बोईसरला रविवार शुक्रवारी येतो. बाहेरच्या माणसाला हे समजावता समजावता माझं निम्मं आयुष्य गेलं. इथल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. मशीन बंद, भोंगे बंद, आणि दुरुस्तीच्या नावाखाली बऱ्याचदा लाइटही बंद. साताऱ्याकडच्या माझ्या भावकीला हे काही केल्या पटत नाही. लग्नाची पत्रिका पाठवतात आणि वर फोन करून सांगतात, "रविवारीच धरलंय बघ, नोकरदारांची सोय म्हणून." अरे बाबा, पण हा नोकरदार रविवारी कापड विणायच्या मशीनखाली आडवा होऊन ग्रीस पुसत असतो, त्याची सोय कोण बघणार?

मी एका कापडाच्या कंपनीत फिटर आहे. राहायला बोईसरलगतच्या सालवडला, चाळीत वरच्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर. घरात बायको, जुळ्या पोरी आणि दर गुरुवारी संध्याकाळी मासवणहून एसटीनं येऊन शनिवारपर्यंत मुक्काम ठोकणाऱ्या सासूबाई. मी ज्या दिवसांचं सांगतोय तेव्हा पोरी दीड वर्षाच्या होत्या. थोरली आणि धाकटी म्हणतो आम्ही, पण फरक मिनिटांचा.

आता या पोरींच्या शेजारी मी कधी झोपलोच नव्हतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. मी घोरतो. थोडंथोडकं नाही, बायकोच्या भाषेत सांगायचं तर "भांडी हलतात." पोरी दवाखान्यातून घरी आल्या त्याच दिवशी माझी चटई स्वयंपाकघरात गेली, गॅसच्या सिलिंडरशेजारी. सकाळी मी निघायचो तेव्हा पोरी झोपलेल्या, संध्याकाळी यायचो तेव्हा किरकिरीला आलेल्या. राहता राहिली शुक्रवारची दुपार. जेवून खोलीत आडवं व्हावं, एका दंडावर थोरली, दुसऱ्या दंडावर धाकटी, आणि तिघांनी झोपून जावं. बंगला मागितला नव्हता मी कुणाकडे. एवढंच मागितलं होतं.

आणि पोरी नेमक्या शुक्रवारीच झोपायच्या नाहीत.

इतर दिवशी, बायको शपथेवर सांगायची, दुपारचा वरणभात झाला की दोघी दगडासारख्या पडतात. शुक्रवारी मात्र घरात सर्कस. एक माझ्या पोटावर उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर ओढतेय, दुसरी माझ्या कानात बोट घालून बघतेय आत काय आहे. मांडीवर घेतलं तर रडायच्या, झोळीत घातलं तर झोळीत उभ्या राहायच्या. एकीचा जरा डोळा लागला की दुसरी जाऊन तिची पापणी उघडायची. चार वाजेपर्यंत मी रडकुंडीला यायचो. रात्री त्या दमून पडायच्या तोवर माझी चटई पुन्हा सिलिंडरशेजारी.

सुरुवातीला दात येतायत म्हणून सोडून दिलं. मग पोट दुखत असेल म्हणून बाळगुटी झाली. मग सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या विस्तवावर टाकल्या. पोरी सोडून सगळी चाळ खोकली. खालचे काका तर लुंगीवरच रस्त्यावर आले, त्यांना वाटलं कुठल्या तरी कंपनीचा गॅस सुटला.

एवढं होऊन पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या, पदर खोचला आणि विचार करायला लागल्या. त्या विचार मोठ्यानं करतात.

"सोमवारच्या झोपतात. मंगळवारच्या झोपतात. बुधवार झोपतात, गुरुवार झोपतात. शनवार-रैवार पण झोपतात. शुक्रवारच्या नाय झोपत. मंग शुक्रवारचं घरात जास्तीचं काय असतं?"

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"राग नका मानू जावयबापू," त्या म्हणाल्या. "पण तुमी घरात असलात ना, की पोरी झोपत नाय."

मला वाटलं बायको आता उसळून उठेल. अगं, काहीतरी काय आई, असं म्हणेल. ती मोरीत ताट घासत होती. ते एकच ताट ती फार वेळ घासत राहिली.

असं मला घरातून हद्दपार करण्यात आलं. दुपारी जेवण झालं की सासूबाई माझ्या चपला सरळ करून ठेवायच्या. किती तो मान! मी कुठं जाणार? शुक्रवारी अख्खं बोईसर आपापल्या घरी पसरलेलं असतं. सलूनमध्ये जाऊन बसायचो. एकदा दाढी करून झाल्यावर करमेना म्हणून तिथंच बसून राहिलो, तर कारागिरानं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पुन्हा एकदा गालावर साबण लावला. मोटारसायकल काढून उमरोळी स्टेशनला जायचो, बाकड्यावर बसायचो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठली गाडी?" म्हटलं, "कुठलीच नाही. पोरी झोपल्यात घरी." तो जरा सरकून बसला.

हसू येतं आता, पण तेव्हा मला फार वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. पण पोरीच म्हणत होत्या ना! मी बाहेर राहिलो म्हणून त्या पटकन झोपायच्या असंही नव्हतं, पण सासूबाईंकडे त्याचंही उत्तर तयार होतं: "तुमी दिसलात ना सकाळचं, तेच डोक्यात राहतं त्यांच्या." आपल्याच लेकरांना आपण सोसत नाही, हा विचार डोक्यात घेऊन मी त्या बाकड्यावर बसायचो आणि समोरून मालगाड्या जायच्या.

मग एका शुक्रवारी मी मोबाइल घरी विसरलो. परत आलो, हळूच दार ढकललं, आणि बघतो तर काय, दोघी पोरी तोंडं उघडी टाकून गाढ झोपलेल्या! मी घाईत फळीवरचा मोबाइल ओढला तर शेजारची किल्ली पडली, डबा पडला. पोरी हलल्या नाहीत. मी अगदी त्यांच्या उशाशी जाऊन उभा राहिलो.

"आई, मी घरात आहे," मी म्हटलं.

"हळू बोला."

"मी घरात आहे आणि पोरी झोपल्यात!"

"तुमी आत्ता आलात. त्या आदीच्या झोपल्यात."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी रागानं मागच्या भिंतीवर हात आपटला, आणि हात तिथंच राहिला. भिंत थरथरत होती. आमच्या खोलीमागे एक बोळ आहे आणि बोळापलीकडे एक लहानसा विणकामाचा कारखाना. धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याची जुनी मशीन, दिवसरात्र खटाक-खट, खटाक-खट. आम्हाला त्याची इतकी सवय की तो आवाज आहे हेच विसरलो होतो. शुक्रवारी तो बंद असतो. त्या दिवशी कसलीशी घाईची ऑर्डर होती म्हणून जनरेटर लावून चालवला होता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरी जन्मल्यापासून त्या आवाजात झोपत होत्या. शुक्रवारी दुपारी आवाज नाही, म्हणून झोप नाही. शांतता त्यांना झोपू देत नव्हती! आणि बोल मात्र मला!

मी हे सगळं हातवारे करून कुजबुजत सांगितलं. बायकोला पटलं. सासूबाई म्हणाल्या, "असंल. पुढच्या शुक्रवारचं दाखवा."

म्हणजे परीक्षा. ठीक आहे, म्हटलं, देतो.

फळीवर एक वायरलेस स्पीकर पडून होता. गेल्या दिवाळीला कंपनीनं मिठाईच्या जोडीला दिलेला, पाण्याच्या लहान बाटलीएवढा. त्याला लाइट लागत नाही, मोबाइलवरचं त्यातून वाजतं. फक्त एक खोड होती. बटण दाबलं की आतून एक बाई इंग्रजीत खच्चून ओरडायची. काय ओरडायची ते कळायचं नाही, पण सुरात राग असायचा. तिला मी उशीखाली दाबून गप्प करायला शिकलो.

आता आवाज पाहिजे मशीनचा. मी पडलो फिटर, मला मशीन म्हटलं की आपलीच दिसणार. आमच्या खात्यात मोबाइल न्यायला बंदी, म्हणून साहेबांकडे परवानगी मागायला गेलो. "साहब, बच्चियाँ सोती नहीं हैं। मशीन का आवाज चाहिए।"

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मायेनं विचारलं, "तेरी छुट्टी कितनी बाकी है?"

पण परवानगी दिली. मी ऐटीत रेकॉर्डिंग करून आणलं. शुक्रवारी जेवणं झाली, सगळे बसले, मी उशीखाली बाईला दाबलं आणि आवाज लावला. दोघी पोरी ताडकन उठून बसल्या आणि भोकाड पसरलं. आमच्या कंपनीतली मशीन नवी, धागा हवेच्या झोतानं फेकणारी. आवाज असा, की कुणीतरी रागानं फुसफुसतंय. सासूबाईंनी माझ्या चपला सरळ केल्या.

"अहो," बायको म्हणाली, "मागची खिडकी उघडीच असते की. उद्यापासून मशीन चालूच आहेत. मोबाइल खिडकीत ठेवला की झालं."

फिटर मी होतो आणि हे सुचलं तिला. पुढच्या गुरुवारी सासूबाई दुपारच्याच एसटीनं आल्या होत्या. बायकोनं तिचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून खिडकीत ठेवला, आणि शुक्रवारी मी देवाचं नाव घेऊन तो आवाज लावला. खटाक-खट, खटाक-खट. धाकटीनं जांभई दिली. थोरलीनं अंगठा तोंडात घातला. पाचेक मिनिटांत दोघी गार! मी सासूबाईंकडे असं बघितलं, असं बघितलं की काय सांगू.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

आम्ही तिघं गॅसकडे धावलो. गॅस बंद होता, कुकर पालथा. शिट्टी रेकॉर्डिंगमधली होती, गुरुवारच्या डाळीची. पाठोपाठ दुसरी झाली, तिसरी झाली, आणि मग मशीनच्या आवाजावर सासूबाईंचा आवाज आला, स्पष्ट. त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या: "जावय तसा भला हाय गं. पन घरात असला की पोरी झोपत नाय."

सासूबाई छताकडे बघायला लागल्या. बायको तोंडात पदर कोंबून हसत होती.

मी म्हटलं, हे रेकॉर्डिंग नको, नवीन करा. केलं. स्वच्छ, शिट्टीविना, सासूविना. पोरी झोपेनात! नुसत्या वाट बघत पडून राहायच्या. त्यांना तिसरी शिट्टी आणि त्यानंतरचं आजीचं वाक्य झाल्याशिवाय झोप पुरी झाल्यासारखं वाटेना. शेवटी जुनंच पुन्हा लावावं लागलं. म्हणजे मी माझ्या घरात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या कंपनीनं दिलेल्या स्पीकरवर दर शुक्रवारी माझीच निंदा ऐकायची, आणि तीही गप्प बसून, कारण पोरी झोपल्यात.

बरं, पोरी झोपल्या, पण मी? सहा दिवस मशीनच्या आवाजात उभा राहिलेला माणूस सातव्या दिवशी त्याच आवाजात झोपेल? डोळा लागला की वाटायचं ड्युटीवर आहे. त्यात मागच्या कारखान्यातल्या एका मशीनचं बेअरिंग कोरडं पडलेलं. दर खटाक-खटनंतर एक बारीक कुईं. ते कुईं ऐकलं की माझा हात आपोआप पाना शोधायचा. एकदा झोपेत मी खरोखर उठलो आणि फळीखाली हात घालून बसलो होतो म्हणे. मग मी नाद सोडला. पोरी झोपायच्या, मी खिडकीत बसायचो. आणि सासूबाई हरल्या होत्या का? छे! "मशिनीनं झोपतात त्या," त्या म्हणायच्या. "तुमी असूनसुदा."

असे काही शुक्रवार गेले. मग एका शुक्रवारी सकाळपासूनच लाइट नव्हती. स्पीकर चार्ज करायचा आदल्या दिवशी राहून गेला होता. पोरी झोपल्या, बायको आणि सासूबाई शेजारी डोहाळजेवणाला गेल्या. जाताना सासूबाई दारातून म्हणाल्या, "उठल्या तर हाक मारा." त्या सुरात सगळं होतं. उठणारच, असं ठरवून गेल्या होत्या त्या.

मी पुठ्ठ्यानं पोरींना वारा घालत बसलो. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी व्हायची होती. आणि स्पीकरमधली ती बाई एकदम किंचाळली. बॅटरी संपली असं काहीतरी सांगत असावी. मग टूं टूं केलं आणि बंद. शांत. अख्खं सालवड शांत.

थोरलीनं डोळे उघडले. धाकटीचा ओठ खाली वाकला. पुढे काय होतं हे मला माहीत होतं. आता ही रडणार, तिला बघून ती रडणार, शेजारून सासूबाई येणार, चपला सरळ होणार, आणि मी पुन्हा उमरोळीला मालगाड्या बघत बसणार. आणि तोंडातून आपोआप निघालं, "खटाक-खट."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"खटाक-खट, खटाक-खट." टाचेनं जमिनीवर ठेका धरला. कुईंसुद्धा केलं, जागच्या जागी. माझ्याइतकं ते मशीन ओळखणारा दुसरा कोण होता? थोरलीनं हात लांब करून माझ्या ओठांवर बोटं ठेवली, आवाज कुठून येतोय ते बघायला. मग तिचा ओळखीचा अंगठा तोंडात गेला. धाकटी रांगत आली आणि सरळ माझ्या छातीवर चढून पालथी पडली. मी हळूच आडवा झालो. थोरली दंडावर आली. मी मशीन चालूच ठेवलं. थांबायची हिंमत नव्हती. थांबलो की उठतील, एवढंच डोक्यात. ओठ सुकले, घसा सुकला. खटाक-खट. खटाक...

पुढचं मला बायकोनं सांगितलं. त्या दोघी परत आल्या तेव्हा बाहेरच्या गॅलरीपर्यंत आवाज येत होता. सासूबाईंना वाटलं मागचा कारखाना सुरू झाला. आत येऊन बघतात तर मी उताणा, पोरी माझ्यावर, आणि मी घोरतोय. भांडी हलत होती. आणि पोरी? माझी छाती वरखाली होत होती तशा वरखाली होत गाढ झोपल्या होत्या. त्या दिवशी त्या चहाच्या वेळेपर्यंत उठल्या नाहीत. मीही नाही.

जाग आली तेव्हा सासूबाई पुठ्ठ्यानं आम्हाला तिघांना वारा घालत होत्या. मला बघून पुठ्ठा खाली ठेवला. "चा टाकते," म्हणाल्या आणि उठल्या. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शुक्रवारचं आता कुठं जायाचं नाय, जावयबापू." मी भिंतीकडे तोंड केलं. डोळे भरून आले होते आणि सासूसमोर रडायचं म्हणजे काय!

पण गोष्ट तिथं थांबली असती तर बरं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मागचा कारखाना जोरात चालू, आणि पोरी झोपेनात. दाराकडे बघत बसल्या. रविवारी तेच. त्यांना आता धोट्याचं मशीन चालेना, त्यांना घोरणारं मशीन पाहिजे होतं. शेवटी पुढच्या शुक्रवारी सासूबाईंनीच माझ्या तोंडाशी मोबाइल धरून रेकॉर्डिंग केलं. ज्या घोरण्यासाठी मला सिलिंडरशेजारी टाकलं होतं, ते आता आठवड्याचे सहा दिवस दुपारी माझ्या घरात स्पीकरवर वाजायला लागलं. चटईसुद्धा खोलीत परत आली.

चाळीत कुजबुज सुरू झाली. खालच्या काकूंनी बायकोला विचारलं, "भावजी हल्ली दुपारी घरीच असतात? कंपनी सुटली काय?" काकांचा पुतण्या आमच्याच कंपनीत. तिसऱ्या दिवशी साहेब खात्यात आले. मी मशीनखाली होतो, कोपरापर्यंत ग्रीस. त्यांनी वाकून विचारलं, "सुना है तू दोपहर को घर पे सोता है?" मी मशीनखालूनच म्हटलं, "हां साहब, रोज." त्यांनी पुन्हा सुट्टी किती बाकी आहे ते विचारलं.

त्या रेकॉर्डिंगमध्येही सासूबाई आहेत. अगदी शेवटी, माझ्या घोरण्याच्या वर, बायको काहीतरी बोलायला जाते आणि त्या दबक्या आवाजात तिला दटावतात, "गप गं, जावयबापू झोपलेत." ते मी एकदा रजा घेऊन घरी होतो तेव्हा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. बायकोला वाटलं मला माझं घोरणं आवडलं.

परवाच्या शुक्रवारी जेवणं झाली. हाताला सवय झालेली, म्हणून बायकोनं मी समोर असतानाच स्पीकर चालू केला. आतली बाई ओरडली, आणि माझं घोरणं सुरू झालं. थोरलीनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उठली, दोन्ही हातांनी स्पीकर उचलला आणि नेऊन आजीच्या मांडीवर ठेवला. "नको," म्हणाली.

मग परत आली, माझ्या दंडावर डोकं ठेवलं, आणि स्पीकरचं बटण दाबतात तसं बोटानं माझं नाक दाबलं.

मी चालू झालो.